कुऱ्हाडे आडनाव आणि पांढरं पान

मंगळवार, रात्री साडेअकरा

दुपारी ग्रंथपाल मॅडमचा फोन आला. "ताई, माझाच फोन जुना झालाय बहुतेक. साइट उघडली की नुसतं पांढरं दिसतं. तुम्हाला उगाच त्रास." त्या माफी मागत होत्या आणि मला कसंतरी झालं. पान आम्ही लिहिलं, ते उघडत नाही, आणि वाईट त्यांना वाटतंय.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं हे सार्वजनिक वाचनालय. सभासद आणि पुस्तकांची देवघेव आता वेबसाइटवर आली आहे. ते काम आम्ही तिघांनी मिळून केलं आणि गेल्या महिन्यात सुरू करून दिलं. मॅडम तिथे चोवीस वर्षं आहेत. जाड रजिस्टरातून त्यांना जे नाव पाच सेकंदांत सापडायचं, ते आता आमच्या साइटवर शोधावं लागतं, तेव्हा हे काम आमच्याकडून नीट व्हायलाच हवं.

त्यांच्याकडे मुलाने वापरून दिलेला आयफोन ७ आहे. सफारीत उघडत नसेल तर क्रोममध्ये बघा, असं मी सांगितलं. तिथेही पांढरंच. मग मी ठरवून टाकलं की दोन वेगळ्या ब्राउझरांत सारखंच होतंय, म्हणजे ब्राउझरचा दोष नाही, सर्व्हर अडकतोय. शिवाय मोबाइल नंबरावरून सभासद शोधायला वाचनालयाच्या कॉम्प्युटरवरही फार वेळ लागतो, ही त्यांची दुसरी तक्रार होतीच. दोन्ही तक्रारींची गाठ मी मनातच मारली आणि संध्याकाळपासून लॉग, म्हणजे सर्व्हरच्या कामाच्या नोंदी, चाळत बसले. हाती काही लागलं नाही.

बुधवार

आमचा डेटाबेस मायएस्क्यूएल. त्याला विचारलेला प्रश्न म्हणजे क्वेरी, आणि रेंगाळणाऱ्या क्वेरींची नोंद ठेवणारा त्याचा स्लो क्वेरी लॉग आपण चालू केलाय, एवढ्यावर मी निर्धास्त होते. पण किती सेकंदांपुढची क्वेरी 'स्लो' मानायची, हे ठरवणारी सेटिंग मुळात दहा सेकंदांची असते आणि ती आम्ही बदललीच नव्हती. आमची क्वेरी चार सेकंद घेत होती. म्हणजे ती रोज शंभरदा अडखळली असती, तरी लॉग कोराच राहिला असता. मर्यादा एक सेकंदावर आणली आणि अर्ध्या तासात तीच क्वेरी सहा वेळा लॉगमध्ये आली.

देवघेवीच्या टेबलात जुन्या नोंदी धरून अठरा लाख ओळी आहेत. मोबाइल नंबराच्या कॉलमवर इंडेक्स आहे (पुस्तकामागच्या सूचीसारखी क्रमवार यादी), तो मीच टाकला होता. तरी क्वेरी कशी चालते ते सांगणारी एक्स्प्लेन ही आज्ञा चालवून बघितली तर वापरता येण्याजोग्या इंडेक्सांत त्याचं नाव होतं आणि प्रत्यक्ष वापरलेल्या इंडेक्सच्या जागी 'नल', म्हणजे काहीच नाही. टाइपच्या खाली 'ऑल', म्हणजे सगळं टेबल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं जात होतं.

कारण दिसायला अगदी बारीक. कॉलम व्हारकॅर, म्हणजे मजकुराचा, आणि आमची क्वेरी नंबर पाठवत होती अवतरणचिन्हांशिवाय, आकडा म्हणून. मजकुराची आकड्याशी तुलना करायची तर मायएस्क्यूएल आधी प्रत्येक ओळीतल्या मजकुराचा आकडा करून बघतं. '१', आधी मोकळी जागा सोडून लिहिलेला '१', आणि '१'पुढे एखादं अक्षर चिकटलेलं, या तिन्हींचा आकडा एकच होतो, पण मजकूर म्हणून इंडेक्सात ती तीन वेगळ्या ठिकाणी असतात. तेव्हा इंडेक्सवर विसंबून चालत नाही आणि सगळं टेबल वाचणं भाग पडतं. डेटाबेस बरोबरच वागत होता. आम्ही त्याला चुकीचा प्रश्न विचारत होतो.

नंबर मजकूर म्हणून पाठवायला लावला, तर चार सेकंदांचं काम काही मिलिसेकंदांवर आलं. माझ्या लॅपटॉपवरच्या टेबलात पाचशे ओळी आहेत. पाचशे ओळी वरपासून खालपर्यंत वाचल्या तरी माणसाला ते कळत नाही. मग मला हे दिसणार कुठून?

मॅडमना कळवलं. कॉम्प्युटरवर शोध झटकन होतोय म्हणाल्या. आणि हळूच, "फोनवर मात्र अजून तसंच आहे."

शनिवार, परतीच्या एसटीत

सकाळी स्वारगेटहून गाडी धरली. फोनवरून विचारत बसण्यात अर्थ नव्हता.

आदल्या रात्री एक गोष्ट करून ठेवली होती. आमचं सगळं जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा कोड, एकाच मोठ्या फाइलीत बांधलेलं आहे. तिच्या आधी, वेगळ्या स्क्रिप्ट टॅगमध्ये, सहा ओळींचा एक तुकडा टाकला. जुन्यातल्या जुन्या ब्राउझरलाही कळेल अशा साध्या भाषेत. काम एकच, पुढे कुठेही एरर आली की ती पानावर मोठ्या अक्षरांत छापायची. आयफोनची एरर बघायची तर एरवी मॅक आणि केबल लागते, आणि आमच्या तिघांत मॅक कोणाकडे नाही.

मॅडमनी साइट उघडली आणि पांढऱ्या पानावर ओळ उमटली. सिंटॅक्स एरर, इनव्हॅलिड रेग्युलर एक्स्प्रेशन, इनव्हॅलिड ग्रुप स्पेसिफायर नेम.

बघताक्षणी समजलं. शोधाच्या चौकटीत कोणी व्हॉट्सॅपवरचा अख्खा मजकूर चिकटवला तरी त्यातून मोबाइल नंबर वेगळा काढता यावा, म्हणून मी एक पॅटर्न, म्हणजेच रेग्युलर एक्स्प्रेशन, लिहिला होता. सहा ते नऊपैकी एका अंकाने सुरू होणारे दहा अंक, आणि त्यांच्या आधी दुसरा अंक नको. ते 'आधी नको' सांगायला मी लुकबिहाइंड वापरलं होतं. क्रोममध्ये ते २०१७ पासून आहे. सफारीत आलं १६.४ मध्ये, मार्च २०२३ ला. आणि आयफोन ७ ला आयओएस १५ च्या पुढे जाताच येत नाही. हा फोन कितीही अपडेट केला तरी माझी ती ओळ त्याला कधीच वाचता येणार नव्हती.

ती ओळ चालायचीही गरज नव्हती. असा पॅटर्न फाइल वाचतानाच तपासला जातो, आणि तिथे अडलं की सगळी फाइल टाकून दिली जाते. चूक झाली तर सावरून घेणारा ट्राय-कॅच लावून उपयोग नाही, कारण तोही त्याच फाइलीत. नवा कोड जुन्या ब्राउझरांसाठी बदलून देणाऱ्या बेबेल या साधनानेही ते जुन्या रूपात उतरवलं नव्हतं. लुकबिहाइंडसाठी तसं रूपांतर बेबेलकडे नाही, हे मी आधी तपासायला हवं होतं.

मंगळवारची चूकही इथेच उलगडली. आपल्याकडच्या आयफोनवर क्रोम घ्या नाहीतर फायरफॉक्स, आत इंजिन वेबकिटच असतं, म्हणजे सफारीचंच. अ‍ॅप स्टोअरचा तसा नियम आहे. युरोपीय संघात २०२४ पासून त्यात सवलत मिळाली आहे, पण तालुक्याच्या वाचनालयात बसून ती आपल्या कामाची नाही. मी दोन ब्राउझर तपासले असं मला वाटलं होतं. तपासला होता एकच, दोनदा.

पॅटर्न साधा केला. सलग अंकांचे गट काढायचे आणि त्यांतला बरोबर दहा अंकी तेवढा घ्यायचा. तिथूनच नवी फाइल चढवली. मॅडमच्या फोनवर पान उघडलं. त्यांनी चष्मा वर सरकवला, पान खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे फोन चांगला आहे माझा." हो म्हटलं, फोन चांगलाच आहे.

चहा झाल्यावर त्यांनी ड्रॉवरमधून एक वही काढली. साइटवर न सापडलेल्या सभासदांची नावं त्यात नीट लिहून ठेवली होती. एवढे दिवस बोलल्या नव्हत्या. कुऱ्हाडे, गोऱ्हे, बऱ्हाटे, पुन्हा कुऱ्हाडे. वही बघूनच अर्धं उत्तर मिळालं.

रविवार

आज दिवसभर हा अर्धा र.

कुऱ्हाडेमधला तो र दोन प्रकारे लिहिता येतो. एक, युनिकोडमधला (प्रत्येक अक्षराला संकेतांक देणाऱ्या जागतिक पद्धतीतला) खास ऱ, त्याला हलन्त आणि पुढे ह. दुसरा, साधा र, हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह, आणि पुढे ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये आणताना सगळी आडनावं दुसऱ्या प्रकारे आली, आणि मॅडमचा कीबोर्ड पहिल्या प्रकारे लिहितो. नावाच्या कॉलमचं कोलेशन, म्हणजे नावं ताडून बघायचा नियम, आम्ही बायनरी ठेवलं होतं, म्हणजे संकेतांकाला संकेतांक जुळला तरच नाव तेच.

एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणाऱ्या एनएफसी नॉर्मलायझेशनने सुटेल असं आधी वाटलं. नाही सुटत. र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) वेगवेगळे आले तर ते त्यांचा ऱ करतं, पण जॉइनरवाल्या रूपाला हात लावत नाही. सोबतचा मुलगा म्हणाला, ती अदृश्य चिन्हं सरसकट काढून टाकू. मी त्याला थांबवलं. नुसता जॉइनर काढला की र चा रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. आचाऱ्यांना जेवायला वाढायचं असेल तर ते आचार्यांना वाढलं जाईल, दऱ्यांचा दर्या होईल. मराठीत हा फरक अर्थाचा आहे आणि तो राखायलाच हवा. म्हणून र, हलन्त, जॉइनर असा क्रम दिसला की तिथे ऱ आणि हलन्त घालायचं, एवढंच. ते शोधासाठी वेगळ्या कॉलममध्ये. सभासदाचं मूळ नाव जसं नोंदलंय तसंच राहील. शोधायला टाकलेला शब्दही आधी याच नियमातून जाईल.

दुपारी चारला वहीतली सगळी नावं एकेक करून टाकून बघितली. सगळी सापडली.

मॅडमना मेसेज केला. त्यांनी लगेच फोनवरून करून बघितलं आणि स्क्रीनशॉट पाठवला. कुऱ्हाडे आले होते. खाली दुसरा स्क्रीनशॉट, त्यात मोबाइल नंबरावरून शोध आणि 'सभासद सापडला नाही'. तोच नंबर मी टाकला तर सापडत होता. पुन्हा नीट बघितलं. त्यांनी मराठी कीबोर्डवरूनच अंक टाकले होते, ९८ असे. आणि जावास्क्रिप्टच्या पॅटर्नमध्ये 'अंक' म्हणजे फक्त इंग्रजी शून्य ते नऊ.

त्यांना लिहिलं, "तुमचं बरोबर आहे, असंच लिहीत राहा. दुरुस्ती उद्या सकाळी चढवते."