काळी वाळू, काळी नखं
आज दिवसभर फाउंड्रीच्या (धातू वितळवून वाळूच्या साच्यात ओततात तो कारखाना) टाकाऊ वाळूत हात घातले, तीनदा साबण लावला तरी नखं काळीच 😅

साच्यातून कास्टिंग (ओतलेला भाग) काढलं की तीच वाळू परत साच्याला वापरतात, पण तापून तापून कण झिजतात, धूळ वाढते आणि शेवटी ती फेकायचीच होते. आम्ही ती चाळून, लोहचुंबक फिरवून (लोखंडाचे केवढे तुकडे निघाले राव, राहिले असते तर ब्लॉकवर गंजाचे डाग पक्के) पेव्हर ब्लॉकच्या मिक्समध्ये नेहमीच्या वाळूऐवजी 20 टक्के टाकली. मला वाटलं निम्मी तरी खपेल, म्हणून हट्टाने एक घमेलं 50 टक्क्यांचं केलं, तर ते पाणी पीतच सुटलं! कणांवर बेंटोनाइट माती आणि कोळशाच्या भुकटीचा थर असतो ना, सिमेंट नीट धरतच नाही. साच्यातून काढताना एक अख्खी कड हातात आली.

20 वाले मात्र मस्त उतरले, जरा काळपट, मला तर तोच रंग आवडला.

आणि हो, फुकट मिळते म्हणून कुठलीही वाळू उचलू नका, पितळ-ब्राँझच्या फाउंड्रीतल्या वाळूत शिसं असू शकतं, लीचिंग टेस्ट (पाण्यात काय झिरपतं ते बघायची चाचणी) आधी. खरी ताकद 28 दिवसांनी ब्लॉक मशिनमध्ये दाबल्यावर कळेल, तोवर रोज पाणी मारायची ड्युटी माझीच.