पिरॅमिडऐवजी गुणाकार

प्राचीन इजिप्त शिकवायचं म्हटलं की पुठ्ठ्याचे पिरॅमिड ठरलेलेच. पाचवी-सहावीच्या मुलांना त्याऐवजी इजिप्शियन गुणाकार करायला द्यावा. सुमारे इ.स.पू. १५५० मध्ये अहमोस नावाच्या लेखनिकाने उतरवलेल्या पपायरसवर ही रीत आढळते. पाढ्यांपैकी फक्त दोनचा लागतो!

१३ × २४ घ्या. डावीकडे १, उजवीकडे २४. दोन्ही रकाने दुप्पट करत जा: २–४८, ४–९६, ८–१९२. पुढचा आकडा १६, तो १३ पेक्षा मोठा, म्हणून थांबा. आता डावीकडून बेरीज १३ होईल अशा ओळींवर खूण करा: ८, ४, १. त्यांच्यासमोरचे आकडे मिळवा: १९२ + ९६ + २४ = ३१२.

हमखास चूक म्हणजे मुलं सगळ्याच ओळी मिळवतात आणि उत्तर ३६० येतं. ते १५ × २४ झालं. म्हणून सर्वांत मोठ्या आकड्यापासून वजा करत खुणा करायला सांगा: १३ मधून ८ गेले ५, त्यातून ४ गेले १, २ ची ओळ सुटते. ८ च्या ओळीपासून १ च्या ओळीपर्यंत, खुणा केलेल्या ओळींना १ आणि सुटलेल्या ओळीला ० लिहिलं की ११०१ मिळतं. संगणक १३ हा आकडा असाच साठवतो.