सहाबारीत पाच

रिव्हॉल्व्हर घ्यायचं ठरलं तेव्हा सल्ला देणारे सगळेच मोठ्या काडतुसाच्या बाजूचे निघाले. मी आणलं .२२ चं, म्हणजे नळी जेमतेम ०.२२ इंच रुंद असलेलं, सिंगल-ॲक्शन: दर बाराला घोडा हाताने ओढावा लागणारं. काडतूस करंगळीच्या पेराएवढं, त्यातली शिशाची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. बार झाला की मनगटाला कुणीतरी टिचकी मारल्यासारखं वाटतं, बस. "खेळणंच की हे," असं एकाने म्हटलंही. कानाला संरक्षण न लावता एकदा उभा राहिला असता तर खेळणं म्हणाला नसता.

निवडताना वेळ गेला तो नेमाच्या खाचेवर. स्वस्त नमुन्यांत मागची खाच चौकटीतच कोरलेली असते. गोळी डावीकडे जात असेल, तर जन्मभर उजवीकडे नेम धरत बसा! म्हणून स्क्रूने सरकणारी खाच घेतली. वजनही हाताला जाणवेल इतकं हवं होतं. हलकं रिव्हॉल्व्हर खिशाला बरं, पण धरलेल्या हाताचा प्रत्येक थरकाप ते माशीपर्यंत, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या उंचवट्यापर्यंत, पोचवतं.

रुगर या अमेरिकी बंदूक कंपनीने १९५३ मध्ये सिंगल-सिक्स नावाचं असंच रिव्हॉल्व्हर काढलं, तेव्हा रूप १८७३ च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरचंच ठेवलं. आत मात्र सपाट स्प्रिंगांच्या जागी वेटोळ्या स्प्रिंगा घातल्या. जुन्या घडणीची एक खोड होती. घोडा काडतुसावर टेकलेला असताना हत्यार हातातून पडलं, तर बार उडू शकायचा. म्हणून जाणते लोक सहाबारीत पाचच भरत आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवत. १९७३ मध्ये रुगरने घोडा आणि काडतुसावर आपटणारी पिन यांच्यामध्ये एक पट्टी आणली. चाप ओढलेला असेल तरच ती वर येऊन घोड्याचा ठोका पिनेपर्यंत पोचवते. माझ्याकडचं पट्टीवालंच आहे. तरी मी पाचच भरतो. का, ते विचारू नका.

भरणं म्हणजे निवांत काम. बाजूची झडप उघडायची, चक्र टक टक फिरवत एकेक काडतूस सरकवायचं. रिकाम्या पुंगळ्याही नळीखालच्या दांडीने एकेक करूनच ढकलायच्या. प्रत्येक बाराआधी अंगठ्याने घोडा ओढायचा. घाईच्या माणसाने या वाटेला जाऊ नये.

परवा तिसऱ्या बाराला घोडा पडला आणि नुसतं 'टक' झालं. या जातीच्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. कडेला कुठे तो कमी पडला आणि पिन नेमकी तिथेच आपटली, की बार फुसका. नळी लक्ष्याकडेच रोखून मनात तीस आकडे मोजले, कारण कधी कधी तो उशिरा उडतो. मोजता मोजता लक्षात आलं: बार झालाच नव्हता, तरी घोडा पडताक्षणी नळीने खाली चांगला हिसका घेतला होता. धक्का नाही, आवाज नाही. मान खाली घातली ती माझ्या मनगटाने. इतके दिवस गोळ्या खाली लागत होत्या आणि मी खाच वर सरकवत होतो.

काडतूस काढलं, थोडं फिरवून पुन्हा घातलं, कडेची कोरी बाजू पिनेसमोर येईल असं. या खेपेला उडालं. कागदावर कुठे लागलं ते सांगत नाही.