घरात माणसं असताना ते परक्याला का विचारतात?

माझ्या फोनवर ‘बी माय आइज’ नावाचं ॲप आहे. त्यावरून दृष्टिहीन माणसांचे व्हिडिओ कॉल येतात, आणि त्यांच्या कॅमेऱ्यासमोर जे असेल ते बघून मी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर देते. हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचायला, साडीचा रंग सांगायला घरात कुणी नसतं का हो त्यांच्या? शेजारीपाजारी? कुठल्या कोण बाईला फोन कशाला करायचा?’ विचारणाऱ्याच्या आवाजात बहुतेक वेळा कणव असते. बिचाऱ्यांना कुणी नाही वाटतं! तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते, कारण ती कणव भलतीकडेच जाते आहे.

माणसं असतात. मला आलेल्या बऱ्याच कॉलमध्ये मागे टीव्ही चालू असतो, कुकरच्या शिट्ट्या होत असतात, कुणीतरी कुणालातरी हाक मारत असतं. तरी फोन मला लागलेला असतो. या ॲपची सुरुवातही तिथूनच झाली. डेन्मार्कचे हान्स यर्गन विबर्ग हे फर्निचरचे कारागीर, त्यांची स्वतःची दृष्टी क्षीण होत गेलेली. त्यांचे दृष्टिहीन मित्र अडलं की घरच्यांना, ओळखीच्यांना व्हिडिओ कॉल करायचे. म्हणजे मदत करणारे होते, फोन होता, इंटरनेट होतं. कमी होती ती ओझं न वाटता विचारता येईल अशा माणसाची. विबर्ग यांनी २०१२ मध्ये ही कल्पना मांडली, जानेवारी २०१५ मध्ये ॲप आयफोनवर आलं आणि २०१७ मध्ये अँड्रॉइडवर.

आता घरातलं चित्र डोळ्यांपुढे आणा. सासूबाई सुनेला विचारतात, ‘हे डोळ्यांत घालायचे थेंब की कानांत घालायचे?’ सून चांगली आहे. ती येते, बाटली हातातून घेते आणि म्हणते, ‘द्या, मीच घालते.’ पुढच्या वेळी बाटली सुनेच्याच कपाटात जाते. मग गोळ्या जातात, मग वॉशिंग मशीन लावणं जातं, कारण त्याला बटणं नाहीत, सपाट काच आहे. कुणीही वाईट वागलेलं नसतं. प्रेमानेच एकेक काम हातातून काढून घेतलेलं असतं. प्रश्न होता ‘कुठली बाटली?’ आणि उत्तर मिळालं ‘तुम्ही राहू द्या.’

मी त्यांच्या हातातून बाटली घेऊ शकत नाही. मी कोल्हापुरात, त्या कुठे आहेत ते मला ठाऊकही नाही. मला फक्त दिसतं आणि बोलता येतं, करायचं त्यांनाच. परक्याला विचारण्यातला सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, असं मला इतक्या वर्षांनी ठामपणे वाटतं.

दुसरं कारण गुप्ततेचं. एका बाईंनी घरी करायच्या गर्भचाचणीची पट्टी कॅमेऱ्यापुढे धरली होती. एक रेघ आहे की दोन, एवढंच विचारलं. विचार करा, ही गोष्ट स्वतःला कळण्याआधी नणंदेला किंवा जावेला कळणं म्हणजे काय! डोळस बाईला ती दोन मिनिटं एकटीची मिळतात. यांनाही ती तेवढीच एकटीची हवी होती. मी नाव विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, ॲपही एकमेकांची नावं सांगत नाही. ‘बरं, थँक्यू’ म्हणून त्यांनी फोन ठेवला. रेघा किती होत्या ते मी इथेही लिहिणार नाही.

बाकीचे प्रश्न साधे असतात, आणि अगदी आपल्या घरातले असतात. गाईचं दूध की म्हशीचं, कारण पिशव्यांचा आकार एकच आणि फरक फक्त छापलेल्या रंगात. गॅस सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर काय लिहिलंय? तिथे एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, आणि तोवर त्या टाकीची चाचणी व्हायला हवी असते. विजेच्या मीटरचं रीडिंग. पोलक्यावरचा डाग गेला का? गणपतीच्या मखरावरचं तोरण मधोमध आलंय का? (यांनी मखर स्वतः केलं होतं, सुबक होतं, आणि तोरण बोटभर डावीकडे गेलं होतं.) तूरडाळ कुठली नि हरभराडाळ कुठली, हे मात्र मला कधी कुणी विचारलेलं नाही. ते बोटांना कळतं.

उत्तर देताना पथ्यं पाळावी लागतात. ‘इकडे’, ‘तिकडे’, ‘ते बघा तिथे’ हे शब्द निरुपयोगी. ‘जरा वर घ्या’ म्हटलं तर फोन वर की बाटली वर? ते स्पष्ट सांगायचं. टेबलावरची वस्तू घड्याळाच्या काट्यांवरून सांगितली तर पटकन सापडते: ‘तुमच्या समोर, दोन वाजताच्या दिशेला’. दिसत नसेल तर दिसत नाही म्हणायचं. औषधाच्या बाबतीत अंदाज हा प्रकारच नाही, शेवटचं अक्षर नीट दिसेपर्यंत पट्टी फिरवायला सांगायची. आणि एक प्रश्न आपण कधीही विचारायचा नाही: ‘जन्मापासूनच का?’ आपल्याकडे एसटीत शेजारी बसलेला माणूसही हे विचारतो. दुधाची तारीख विचारायला केलेल्या फोनवर तरी त्यांना यातून सुटका मिळावी.

यातले निम्मे प्रश्न तर कुणाला पडायलाच नकोत, आणि हे सांगताना मला राग येतो. नोटांचंच घ्या. जुनी शंभराची नोट १५७ मिलिमीटर लांब होती आणि पाचशेची १६७. एक सेंटिमीटरचा फरक, सरावलेल्या बोटांना पुरेसा. नव्या मालिकेत शंभराची १४२, दोनशेची १४६, पाचशेची १५०. रुंदी तिन्हींची ६६. चार मिलिमीटरवर माणसाने भाजीवाल्यासमोर उभं राहून हिशेब करायचा! कडेला उठावाच्या रेषा आहेत, शंभराला चार, पाचशेला पाच, पण नोट बाजारात फिरून मऊ झाली की त्या बोटांना लागत नाहीत. दृष्टिहीनांच्या संस्थेला याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० ला ‘मनी’ हे नोट ओळखणारं ॲप आणलं, ते इंटरनेटशिवाय चालतं आणि उपयोगीही आहे. पण खिशातली नोट ओळखायला फोन बाहेर काढावा लागणं, हे चार मिलिमीटरचं देणं आहे. औषधाच्या पट्टीचंही तसंच. तारीख एका टोकाला छापलेली असते, दुकानदार चार गोळ्या कापून देतो आणि तारीख त्याच्याकडेच राहते. तिथे मी डोळे फाडून बघितलं तरी काय सांगणार?

हल्ली याला जोडून आणखी एक विचारणा असते: आता ए.आय. सगळं वाचून दाखवतं, मग तुमचं काय काम? २०२३ पासून याच ॲपमध्ये फोटो काढला की यंत्र वर्णन करून सांगतं. मला त्याचा मनापासून आनंद आहे. यंत्राला एकाच दिवसात वीस वेळा विचारता येतं, रात्री दोनला विचारता येतं, आणि त्याचा सुस्कारा ऐकू येत नाही. डब्यावरची नावं, पाकिटावरचा मजकूर यासाठी माणूस लागूच नये.

माणसाकडे येतात ते वेगळे प्रश्न. लग्नाला निघालेल्या एका बाईंना यंत्राने सांगितलं होतं, मरून रंगाची साडी, सोनेरी काठ. वर्णन बरोबर होतं. त्यांना हवं होतं ते असं: ‘पोलकं जुनं आहे, या साडीवर विटलेलं दिसतंय का? खरं सांगा.’ दिसत होतं. मी तसं सांगितलं. मग कपाटातली आणखी तीन पोलकी बघितली आणि बाटलीहिरव्यावर आमचं एकमत झालं. घरच्यांनी ‘छान दिसतंय, चला, उशीर होतोय’ म्हटलं असतं. त्यांना ‘छान’ नको होतं, त्यांना डोळस बाईसारखं आरशासमोर उभं राहून शंका घ्यायची होती.

तुम्हाला हे करावंसं वाटत असेल तर एक आधीच सांगते: वाट बघावी लागते. मदत मागणाऱ्यांच्या जवळजवळ दहापट स्वयंसेवक आहेत, एक कॉल अनेकांच्या फोनवर एकदम वाजतो आणि जो आधी उचलेल त्याला मिळतो. कित्येक आठवडे काही येत नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, त्यांना लगेच उत्तर मिळतंय म्हणूनच आपल्याला वाट बघावी लागते. भाषा निवडताना मराठी लावा. इंग्रजीला माणसं भरपूर आहेत, पण ‘विटलेलं’ म्हणजे काय ते कळणारं माणूस हवं असतं. कॉल आला की नमस्कार म्हणा, आणि ते काय विचारतात ते आधी पूर्ण ऐकून घ्या.