बोटभर जास्त

बाबांची वाळूची होडी होती. खाडीच्या तोंडाशी भरलेली होडी वरच्या अंगाला, गोड्या पाण्यात नेली की "बोटभर जास्त बसते" असं ते म्हणायचे. त्यामुळे वर जायचं असलं की माल थोडा कमीच घ्यायचे.

नववीत सर प्लावक बल, म्हणजे पाणी वस्तूला वर ढकलतं ते बल, शिकवत होते, तेव्हा मी उठून हे सांगितलं. वर्ग हसला. सर हसले नाहीत. "उद्या भरतीचं पाणी घेऊन ये," एवढंच म्हणाले.

मी कळशी भरून नेली. सरांनी एका लांब परीक्षानळीत शिशाचे छर्रे घातले, आत आलेख कागदाची पट्टी सरकवली आणि नळी आधी विहिरीच्या पाण्यात सोडली. जरा डुलली, मग ताठ उभी राहिली. बारा सेंटिमीटर बुडाली होती. पुसून खाडीच्या पाण्यात सोडली, तर अकरा पूर्णांक सात. गव्हाच्या दाण्याच्या जाडीएवढा फरक! तो पाहायला सगळा वर्ग टेबलाभोवती गोळा झाला होता.

"नळीचं वजन बदललं का?" सरांनी विचारलं. नाही. म्हणजे ती तरंगायला दोन्ही पाण्यांनी तिला सारख्याच बलानं वर ढकललं पाहिजे. हे बल म्हणजे नळीनं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. गोडं पाणी हलकं, म्हणून ते जास्त सारावं लागतं. नळी जास्त बुडते. "तुझे वडील बरोबर सांगतात," सर म्हणाले. घरी जाऊन मी ते बाबांना तीनदा सांगितलं.

आज मी मालवाहू जहाजावर चीफ ऑफिसर आहे. समुद्राच्या पाण्याची घनता लिटरला १,०२५ ग्रॅम, गोड्याची १,०००. माझा निम्मा हिशोब या पंचवीस ग्रॅमचा. जहाज कुठवर बुडू द्यायचं हे दाखवणाऱ्या भाररेषा त्याच्या कुशीवर रंगवलेल्या असतात, त्यांत गोड्या पाण्याची रेघ वेगळी आणि थोडी वर. कोलकात्याला हुगळीत माल भरताना मी बादलीनं नदीचं पाणी काढतो आणि त्यात घनता मोजायचा हायड्रोमीटर सोडतो. तोही डुलतो, मग ताठ उभा राहतो. नदीत सात मीटर बुडालेलं जहाज बंगालच्या उपसागरात पोचलं की सुमारे पंधरा सेंटिमीटर वर येतं.

सर आता नाहीत. शाळेच्या महोत्सवाला येताना प्रयोगशाळेसाठी एक हायड्रोमीटर आणतो आहे. भरतीचं पाणी मात्र मुलांनीच आणावं.