हद्दीवरचं गाव आणि गांजाचा कर

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात गांजाची खुली विक्री १ जानेवारी २०१४ला सुरू झाली. त्यातून गावाच्या पदरात काय पडतं हे बघायला राजधानी डेन्व्हरपेक्षा ट्रिनिडॅड बरं. कोळशाच्या खाणी बंद पडलेलं, आठ हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. शेजारच्या न्यू मेक्सिको राज्याची हद्द वीसेक किलोमीटरवर. वस्तीच्या मानाने दुकानं भरमसाट, कारण गिऱ्हाईक हायवेवरून यायचं, गांजा खुला नसलेल्या न्यू मेक्सिको आणि टेक्सासचं. दमणची दारूदुकानं गुजरातच्या दारूबंदीवर चालतात, तसलाच प्रकार.

आता हिशेब. १०० डॉलरच्या मालावर राज्याचा विशेष विक्रीकर १५ डॉलर. २०१७च्या कायद्याने त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे दीड डॉलर, स्थानिक संस्थांना ठरवून दिला होता. शहराने मतदारांची मंजुरी घेऊन स्वतःचा ५ टक्के कर लावला, तर वर पाच डॉलर. म्हणजे राज्याच्या वाट्यावर विसंबणाऱ्या गावाच्या हाती चिल्लरच.

लागवडीवरचं उत्पादन शुल्क आणखी फसवं. ते वजनावर नाही, किमतीवर. पीक वाढलं, घाऊक भाव निम्म्याच्याही खाली आले, की तेवढ्याच मालावर शुल्क निम्म्याहून कमी. प्वेब्लो काउंटीने अशाच शुल्कातून मुलांच्या कॉलेज शिष्यवृत्त्या चालू केल्या. कल्पना छान, पण भाव पडले की निधीही आटतो.

दुकानदाराचंही ऐका. केंद्राच्या अमली पदार्थांच्या यादीत गांजा ‘शेड्यूल एक’ किंवा ‘दोन’मध्ये, म्हणजे सर्वात कडक गटांत, असेपर्यंत आयकराचं कलम २८०ई लागतं: मालाची खरेदी वजा होते, भाडं-पगार नाही. विक्री १० लाख डॉलर, माल ६ लाख, भाडं-पगार ३ लाख. नफा १ लाख, पण २१ टक्के कर ४ लाखांवर, म्हणजे ८४ हजार. उरले १६ हजार. त्यात बहुतेक बँका दारात उभं करत नाहीत; रोकड सांभाळायचा खर्च वेगळाच. मग पगारवाढ कुठून होणार?

१ एप्रिल २०२२ला न्यू मेक्सिकोनेही विक्री खुली केली आणि ट्रिनिडॅडच्या गल्ल्याला कात्री लागली. कोलोरॅडो राज्याची विक्रीही २०२१च्या सुमारे २२० कोटी डॉलरवरून २०२३मध्ये दीडशे कोटींच्या घरात आली. म्हणून हा पैसा पाण्याच्या पाइपलाइनला, रस्त्यांना घालावा; कायम नोकरभरतीला मुळीच नाही. टेक्सासने अजून दार उघडलेलं नाही, तेवढ्यावर ट्रिनिडॅडची दुकानं तगून आहेत.