लॉगबुकातली दहा मिनिटं

2017 च्या नोव्हेंबरमध्ये आम्ही युक्रेनमधल्या ओडेसा बंदरात जहाजात गहू भरत होतो. मी चीफ ऑफिसर, म्हणजे कार्गोची सगळी जबाबदारी माझ्यावर. साठ हजार टन गहू, सात होल्ड म्हणजे माल भरायच्या कोठ्या, आणि सकाळपासून पावसाची भुरभुर, थेंब पडला की हॅच म्हणजे होल्डची झाकणं बंद करा, थांबला की उघडा, गव्हाला पाणी लागलं तर पुढे क्लेम येणार म्हणून मी दिवसभर डेकवरच. ज्यांनी ग्रेन लोडिंग बघितलं नसेल त्यांना सांगतो, वरच्या स्पाउटमधून गहू धो धो पडतो आणि त्याची जी धूळ उडते ती नाकातोंडात जाते एवढंच नाही, ती पेट घेते, स्फोट होतो. त्यामुळे डेकवर काडीसुद्धा पेटवायची नाही, यात मी कोणाचंच ऐकत नाही.

सकाळची एक गोष्ट आधी सांगायला हवी. तीन नंबर होल्डमध्ये सर्व्हेयर गव्हाचा नमुना काढत होता. बाजार समितीत पोत्यात खुपसून धान्य काढतात ना तसलाच प्रकार, फक्त माणसाच्या उंचीएवढा लोखंडी दांडा, टोकाला अणकुचीदार, बाजूला खाचा. खुपसायचा, फिरवायचा, वर ओढायचा. मी आणि स्टीव्हडोरचा, म्हणजे बंदरावर माल चढवणाऱ्यांचा, फोरमन काठावर उभे होतो. पन्नाशीचा माणूस, कमी बोलणारा. तो त्या दांड्याकडे बघत राहिला आणि तुटक इंग्लिशमध्ये म्हणाला, "चीफ, माझ्या आजीच्या घरी असे दांडे घेऊन आले होते." मी कामात होतो, नुसतं "अच्छा" म्हटलं आणि पुढे गेलो.

मग साडेतीनला पाऊस थांबला. मी बोसनला, म्हणजे खलाशांच्या मुकादमाला, हॅच उघडायला सांगितलं तेवढ्यात फोरमन आला. "चीफ, चार वाजता दहा मिनिटं लोडिंग नको. आणि मेणबत्ती लावायची परवानगी पाहिजे."

मेणबत्ती! ग्रेन शिपवर! मी ताडकन नाही म्हणून टाकलं, आवाजही चढला असेल माझा. तो अजिबात वाद घालत बसला नाही, हातातली काचेच्या बरणीतली छोटी मेणबत्ती खिशात ठेवली आणि म्हणाला, "डेकवर नाही. आत, मेसच्या खिडकीत. आज होलोडोमोरचा दिवस आहे."

मला तो शब्द तेव्हा माहीतही नव्हता हे सांगायला आज लाज वाटते. त्याला मेसमध्ये बसवलं, मेसमनने चहा दिला आणि मग त्याने जे सांगितलं ते मी कधीच विसरणार नाही.

होलोद म्हणजे भूक आणि मोर म्हणजे मरण, भुकेने मारणं. दरवर्षी नोव्हेंबरच्या चौथ्या शनिवारी संध्याकाळी चार वाजता युक्रेनभर लोक एक मिनिट शांत राहतात आणि खिडकीत मेणबत्ती लावतात. त्याची आजी पोल्तावाकडच्या एका खेड्यातली, 1932 मध्ये आठ वर्षांची. घरच्यांची जमीन, बैल, गाय सगळं आधीच कोलखोजमध्ये म्हणजे सामूहिक शेतीत गेलेलं. युक्रेन तेव्हा सोव्हिएत युनियनमध्ये, त्या वर्षी सोव्हिएत सरकारने धान्याचा जो कोटा लावला तो गावाला पुरा करता आला नाही, मग घरोघरी तपासणी सुरू झाली. येणाऱ्यांत दोघंतिघं गावातलेच, ओळखीचे. लोखंडी दांडे घेऊन जमिनीत खुपसायचे, भिंतीत, चुलीच्या मागे, बाळाच्या पाळण्यातल्या गवतात. आजीच्या आईने मडक्यात घेवड्याचे दाणे लपवले होते, ते सापडले. तेही नेले. मी विचारलं, घेवड्याचं काय करणार होतं सरकार? तो म्हणाला, "काही नाही. दंड होता तो."

हे खरंच तसं होतं, मी नंतर जहाजावरून साइन ऑफ करून घरी आल्यावर महिनाभर दुसरं काही वाचलंच नाही. कोटा न भरणाऱ्यांना मांस आणि बटाट्यांच्या रूपात दंड लावायचा ठराव नोव्हेंबर 1932 चा. ज्या गावांना काळ्या यादीत टाकलं तिथलं दुकान बंद, मीठ, काडेपेटी, रॉकेल काहीच येणार नाही. त्याआधी 7 ऑगस्टचा कायदा, सामूहिक शेतातलं धान्य उचललं तर गोळी किंवा कमीत कमी दहा वर्षं कैद, लोक त्याला पाच कणसांचा कायदा म्हणायचे कारण कापणी झाल्यावर शेतात पडलेली कणसं वेचणाऱ्या बायापोरांवरही तो लागला. आणि 22 जानेवारी 1933 ला स्टालिन आणि त्याचा पंतप्रधान मोलोतोव यांच्या सहीचा हुकूम, की युक्रेन आणि शेजारच्या कुबान भागातल्या शेतकऱ्यांना बाहेर पडू द्यायचं नाही. म्हणजे आधी घरातलं सगळं काढून घ्यायचं आणि मग दाराला बाहेरून कडी घालायची.

माझी आजी मराठवाड्यातली. 72 च्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकत मी मोठा झालो. ती खडी फोडायला जायची, लाल मिलो खाल्लाय तिने, सुकडीची चव तिला शेवटपर्यंत आठवत होती. हाल कुत्रं खाणार नाही असे झाले, पण रोजगाराचं काम निघालं, रेशनवर काहीतरी आलं, माणसं तगली. त्यामुळे दुष्काळ म्हणजे पाऊस नाही, पीक नाही, हेच माझ्या डोक्यात पक्कं. फोरमनचं ऐकताना माझ्या तोंडून निघून गेलं, "पाऊस पडला नव्हता का त्या वर्षी?" तो चहाचा कप खाली ठेवून बंदराकडे बघायला लागला. म्हणाला, "चीफ, गहू होता. इथूनच जात होता."

पीक कमी आलं होतं हे खरं. पण 1932 मध्ये सोव्हिएत युनियनने 17-18 लाख टन धान्य परदेशी विकलं, कारखान्यांच्या मशीनरीसाठी परकीय चलन हवं म्हणून, आणि ओडेसा त्यातलं मोठं बंदर. माझा तर धंदाच टनांचा. आमच्यासारखी तीस जहाजं भरतील एवढं ते. माणशी वर्षाला 200 किलो धरले तर ऐंशी लाखांच्या वर माणसं वर्षभर जगली असती. एकट्या युक्रेनमध्ये मेले ते साधारण 39 लाख असं तिथले लोकसंख्यातज्ज्ञ म्हणतात. कझाकस्तानात त्याच काळात अजून पंधरा लाखांच्या आसपास. हा हिशोब मी कॅबिनमध्ये रात्री दोनला करत बसलो होतो असं नाही, आकडे मला नंतर कळले, पण तेव्हापासून कुठलाही होल्ड भरताना तो डोक्यात येतोच.

फोरमनच्या आजीच्या आईने लग्नाची अंगठी तोर्गसिनमध्ये दिली. ही सरकारी दुकानं होती, सोनं-चांदी आणा, पीठ न्या. ज्या सरकारने धान्य नेलं त्याच सरकारच्या दुकानात अंगठी मोजून पीठ! त्या पिठावर आजी वाचली. धाकटा भाऊ, चार वर्षांचा, एप्रिल 33 मध्ये गेला. गावच्या रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे कारणाच्या रकान्यात "अज्ञात" लिहिलं, कारण भूक लिहायला मनाई होती. फोरमनने हे सांगताना बोटाने टेबलावर एक रकाना काढून दाखवला. 1937 ची जनगणना झाली त्यात माणसं कमी भरली तर ती जनगणनाच दाबली आणि करणाऱ्यांना पकडलं, काहींना गोळ्या घातल्या. आजी नातवाशीसुद्धा 1990 च्या आसपास पहिल्यांदा बोलली, तोवर घरात तो विषयच नव्हता.

चारला पाच कमी असताना मी कॅप्टनना फोन लावला, थोडक्यात सांगितलं, ते "ठीक आहे" म्हणाले. मेसच्या पोर्टहोलपाशी स्टीलच्या ट्रेमध्ये मेणबत्ती ठेवली, मी स्वतः एक्स्टिंग्विशर घेऊन शेजारी उभा. त्याचे पाच-सहा लोक टोप्या काढून आत आले. नोव्हेंबरात तिथे चारलाच अंधारून येतं, पलीकडे बंदर ऑफिसच्या खिडक्यांत बारीक बारीक ज्योती दिसायला लागल्या. आमचा बोसन रत्नागिरीचा, त्याला काहीच माहीत नव्हतं पण त्यानेही हेल्मेट काढून हात जोडले.

मग सगळे डेकवर गेले, लोडिंग परत सुरू झालं. कोमिंगजवळ, म्हणजे होल्डच्या तोंडाच्या काठाशी, ओंजळभर गहू सांडला होता. बोसनने विचारलं, "साहेब, झाडून घेऊ?" मी काही बोलायच्या आत फोरमन उकिडवा बसला, एकेक दाणा वेचला, फुंकर मारून धूळ उडवली आणि मुठीतला सगळा गहू होल्डमध्ये टाकला. एक दाणा खिशात ठेवला नाही त्याने.

रात्री जहाजाचा एजंट स्टेटमेंट ऑफ फॅक्ट्स घेऊन आला. त्यात लोडिंग कधी थांबलं, का थांबलं ते मिनिटामिनिटाचं लिहावं लागतं. तो म्हणाला, "15.55 ते 16.05 पावसात धरू या, चीफ, सगळ्यांना सोपं." मी म्हटलं पाऊस साडेतीनलाच थांबलाय. पेन घेतलं आणि कारणाच्या रकान्यात होलोडोमोर असं पूर्ण लिहिलं, आणि तेच लॉगबुकात. फोरमनची सही पाहिजे होती, त्याने कागद दिव्याखाली धरून ती ओळ दोनदा वाचली आणि मग सही केली.